अक्कलकोटच्या अलीकडे

अक्कलकोट रोड नावाचं एक रेल्वे स्टेशन आहे. सोलापूरहून निघालेली गाडी होटगी आणि तिलाटी मागे टाकते तेव्हा ते येतं, आणि स्वामी समर्थांच्या दर्शनाला आलेली माणसं तिथे उतरून गावात जातात. अक्कलकोट रोड एमआयडीसी ही औद्योगिक वसाहत मात्र तिथे नाही. ती सोलापूर शहराच्या पूर्व अंगाला, अक्कलकोटला जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर आहे. सोलापूरला निघालेल्या कुणालाही मी हे आधी सांगते. नुसतं नाव वाचून तिकीट काढलं तर माणूस भलत्याच गावी उतरतो.

मी स्वतः त्या रस्त्यावरून निदान पंधरा वेळा गेले असेन. आईची स्वामींवर श्रद्धा. दरवर्षी आम्ही वाईहून निघायचो, सोलापूरच्या स्टँडवर एसटी बदलायचो आणि खिडकीची जागा धरायचो. शांती चौक गेला की थोड्या वेळात कारखान्यांचे पत्रे दिसायला लागायचे आणि आई न चुकता म्हणायची, "आपल्या चादरी इथल्या." एवढंच. गाडी थांबायची नाही, आम्ही उतरायचो नाही. कुंभारी, वळसंग करत चाळीसेक किलोमीटरवरचं अक्कलकोट गाठायचं, दर्शन, महाप्रसाद आणि परत.

यंदा आईच्या गुडघ्यांनी नको म्हटलं. मी एकटीच निघाले तेव्हा तिने कपाटातून एक चादर काढून पिशवीत घातली. तांबडी आणि काळपट निळी, मोरांच्या नक्षीची. माझ्या जन्माच्या आधीची. मला गोवर निघाला तेव्हा मी हिच्यात होते, आजोबा शेवटचे आजारी होते तेव्हा त्यांच्या पायांवर हीच होती. एका टोकाची दुमड उसवून दोरे लोंबत होते. "तिथलं कुणी काठ घालून देतं का बघ," आई म्हणाली. "इथल्या शिंप्याची सुई मोडते."

म्हणून या खेपेस मी उतरले. पुण्यात शिकताना माझ्याबरोबर असलेली एक मैत्रीण आता नीलम नगरमध्ये राहते आणि घरच्या यंत्रमागांचा हिशेब बघते. तिच्याकडे दोन रात्री मुक्काम केला. सोलापुरात काय बघावं, काय खावं, कुठे निवांत बसावं असं मला कुणी विचारलं, तर मी आता सिद्धेश्वराच्या देवळापासून नाही, या वसाहतीपासून सुरुवात करायला सांगेन. शहरात पुढे जे जे दिसतं आणि ताटात पडतं, त्याचं कारण इथे कळतं.

सकाळी सात वाजता मैत्रिणीने मला नाश्त्याला बाहेर काढलं. सोलापूरचा पूर्वभाग लवकर उठतो. पाळी धरायची असते, त्यामुळे इडली-वड्याच्या गाड्यांवर सातलाच गर्दी उसळते. घडीच्या टेबलावर स्टीलच्या ताटल्या, त्यात दोन इडल्या, एक वडा, वर शेंगदाण्याची पातळ चटणी ओतलेली, अगदी ताटली भरून. चमच्याची वाट कुणी बघत नाही. शेजारी उभा असलेला माणूस गाडीवाल्याशी तेलुगूत बोलला, मागच्याला कन्नडमध्ये सरक म्हणाला आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "घ्या की ओ अजून, चटणीला पैसे नाहीत." एका इडलीच्या गाडीवर मी पाच मिनिटांत तीन भाषा ऐकल्या, आणि चौथी, दखनी, चहाच्या टपरीवर.

ही तेलुगू इथे आली त्यामागे माग आहे. तेलंगणातले पद्मशाली विणकर पोट हातावर घेऊन सोलापूरला आले, साखर पेठ, दत्तनगर, कन्ना चौक या बाजूला वसले, घराच्या पडवीत हातमाग टाकून बसले. शहरात जुनी गिरणी 1877 मध्ये सुरू झाली, पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या आल्या. गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडले, पण विणणारे हात थांबले नाहीत. हातमागाचे यंत्रमाग झाले, आणि घरात न मावणारे माग अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये आले.

नाश्ता आटोपून मैत्रिणीने मला तिथल्याच एका शेडमध्ये नेलं. दारात पाऊल ठेवलं आणि आवाज आधी छातीला लागला, मग कानाला. बोलणं शक्यच नव्हतं. मैत्रिणीने हाताने खुणावलं, मी तिच्या मागे मागे. सगळ्यावर कापसाचा तूस: तारांवर, खिडकीच्या गजांवर, माग चालवणाऱ्याच्या भुवयांवर. मी एका टॉवेलाच्या मागापाशी थांबले ती अर्धा तास हलले नाही.

टॉवेल आपण रोज अंगाला लावतो, पण त्याचे ते मऊ काजे कसे उभे राहतात हे मी कधी मनातही आणलं नव्हतं. टॉवेलाच्या मागाला दोन बीम असतात. एका बीमवरचा ताणा, म्हणजे उभे धागे, ताठ ओढलेला, दुसऱ्यावरचा सैल सोडलेला. धोटा आडवा जातो आणि फणी बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, ठोकते, पण पूर्ण नाही, थोडं अंतर राखून. दुसरा बाणा, पुन्हा तसंच. तिसऱ्या बाण्याला मात्र फणी तिन्ही धागे एकदम पुढे रेटते. ताठ ताणा जागच्या जागी राहतो आणि सैल ताण्याचं सूत त्या रेट्याने वर उचललं जाऊन त्याचा काजा होतो. दोनदा हलकेच, तिसऱ्यांदा जोरात. एकदा हे दिसलं की त्या गोंगाटातून ताल वेगळा ऐकू येतो.

चादरीच्या मागावर वरती जेकॉर्ड असतं. पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या दोऱ्यांनी एकमेकींना ओवून माळ केलेली असते, ती छताजवळ फिरत राहते. जिथे भोक असेल तिथली सुई आत जाते, तिचा हूक उचलला जातो आणि त्या हुकाला बांधलेले ताण्याचे धागे वर येतात. जिथे भोक नाही तिथे धागा खालीच. मोराचा पिसारा म्हणजे त्या पट्ट्यांवरची भोकं. एक पट्टी मागे-पुढे झाली तर मोराची मान मोडते.

आवाजातून बाहेर आल्यावर मी पिशवीतली चादर काढली. तिथले जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, साठीच्या पुढचे मामा, पाण्याच्या टाकीवर बसून चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला, हात लुंगीला पुसले आणि मगच चादर घेतली. आधी बघितलीच नाही. डोळे मिटून दोन बोटांत धरून चोळली. मग उलटी केली. सोलापुरी चादरीची पाठ म्हणजे तीच नक्षी, रंगांची अदलाबदल झालेली. समोर तांबड्यावर निळा मोर, तर मागे निळ्यावर तांबडा.

"जुना माल आहे," ते म्हणाले. "हे बघा, इतकी वर्षं धुतली तरी मोराची कड फिसकटली नाही. ठोक चांगली बसलीय." कोपऱ्यात विणलेलं नाव होतं, ते झिजून दोन अक्षरं उरली होती. त्यावरून त्यांनी कारखान्याचं नाव सांगितलं, आणि तो आता बंद आहे हेही. मग विचारलं, "कोण पांघरतं?"

मी आईचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, चादरीची नीट चौपदरी घडी घातली आणि ती शिलाईच्या शेडमध्ये पाठवून दिली. "उद्या न्या."

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोघांनाही 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. राज्यातला हा मान आधी या चादरीचा. पण मानांकन कागदावर असतं आणि बाजारात 'सोलापुरी' म्हणून परगावचा स्वस्त माल खपतो. म्हणून माझी कळकळीची विनंती: चादर घ्यायची तर इथे येऊन घ्या. वजन हातात घेऊन बघा, पाठ उलटून बघा, नाव विणलेलं आहे का बघा. शहरात पुलगम, चाटला यांसारखी जुनी नावं आहेत. नुसत्या चिठ्ठीवर भरवसा ठेवू नका.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. 2025 च्या मे महिन्यात याच वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली आणि आठ माणसं गेली. मालकाचं कुटुंबही त्यात होतं आणि कामगारांचंही. झोपेत होती सगळी. इथे बऱ्याच ठिकाणी कारखाना आणि घर यांच्यामध्ये भिंत नसते. तिथल्या माणसांनी मला त्या पहाटेबद्दल आपणहून काही सांगितलं नाही. चहा पिता पिता एकाने फक्त त्या दिशेला मान वळवली आणि सगळे थोडा वेळ गप्प बसले. सुताच्या गोदामात ठिणगी किती वेगाने पळते ते तूस बघितलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

दुपारी जेवायला मैत्रिणीच्या घरी. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाहुण्यापुढे येणारा तांब्या मी नेहमी दोन्ही हातांनी घेते. तिच्या अम्माने सर्वपिंडी केली होती. तांदळाच्या पिठात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, शेंगदाण्याचं भरड कूट, तीळ, कढीलिंब, तिखट. हा गोळा खोलगट पातेल्याच्या आतल्या अंगाला थापायचा, बोटाने भोकं पाडायची, भोकांत तेल सोडायचं आणि झाकण ठेवून मंद आचेवर विसरून जायचं. खालून खरपूस, वरून मऊ. हा पदार्थ मला सोलापूरच्या एकाही हॉटेलात दिसला नाही, तो पूर्वभागातल्या घरांत आहे. त्यासाठी ओळख काढावी लागली तरी काढावी.

त्याच ताटात कडक भाकरी आणि शेंगा चटणी. या दोघी सोलापूरच्या ओळखीच्या म्हणून सगळीकडे विकल्या जातात, पण त्यांची खरी जागा कामगाराच्या डब्यात. ज्वारीची पातळ भाकरी भाजून, वाळवून कडक केली की महिनोन् महिने टिकते. चटणी उखळात कुटतात, मिक्सरवर फिरवत नाहीत. कुटताना दाण्याला तेल सुटतं आणि चटणी ओलसर, चिकट होते, तीही आठवडेच्या आठवडे राहते. चुलीपाशी थांबायला ज्यांना वेळ नाही त्यांनी केलेलं हे अन्न आहे. अम्माने भाकरी मोडून वर चटणी, दही आणि कच्चा कांदा घातला. "आमच्यात हे जेवण नाही, धीर आहे," असं काहीसं ती तेलुगूत म्हणाली. मैत्रिणीने मराठी करून सांगितलं, आणि तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. तिच्या वडिलांनी तीस वर्षं हाच डबा नेला होता.

शेजारच्या ओट्यावर तीन बायका विड्या वळत होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीने कापलेली तेंदूची पानं. पान, चिमूट, वळण, दोरा. हिशेब हजारावर. नवरा मागावर आणि बायको सुपावर, असा इथला संसार कितीतरी वर्षं चाललेला आहे. घरात एक चाक थांबलं तर दुसरं ओढतं.

संध्याकाळी शहरात. मार्कंडेय मंदिरात आधी गेलो. पद्मशाली समाजाचं हे दैवत, नारळी पौर्णिमेला त्याचा रथ निघतो आणि अख्खा पूर्वभाग रस्त्यावर येतो. तिथून सिद्धेश्वर. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी कन्नडमध्ये वचनं लिहिली आणि लोकांकडून तळं खोदून घेतलं. तळ्याच्या मध्ये देऊळ, एका बाजूला भुईकोट किल्ल्याचा तट. संक्रांतीला इथे गड्डा भरतो, सात नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. मी गेले तेव्हा यात्रा नव्हती, गर्दीही नव्हती. तळ्याच्या पायरीवर बसून राहिले. दिवसभर कानात ठोकत असलेली फणी हळूहळू थांबली. सोलापुरात विसावा घ्यायचा तर हीच पायरी, सूर्य तटाआड जाताना. दिवसभर मागाच्या शेडमध्ये राहून मग या पाण्याशी आलात तरच तिची किंमत कळते.

बाकीचं शहर मी भरभर सांगते. महापालिकेची इंद्रभुवन इमारत बाहेरून नक्की बघावी, दगडातली कलाकुसर मान वर करून बघण्यासारखी आहे. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी थांबावं: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 1930 मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 रोजी या चौघांना येरवड्याला फाशी दिलं. ती नावं एका दमात मोठ्याने वाचावीत, सोलापूर कोणाचं आहे याचं उत्तर त्यांच्यात आहे. भैय्या चौकातलं डॉक्टर कोटणीसांचं स्मारकही चुकवू नये. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता बत्तिसाव्या वर्षी गेलेला हा डॉक्टर या गल्लीत जन्मला. रात्री पार्क चौपाटीवर पोटभर खावं. पावभाजीच्या तव्यांचा आवाजही मला त्या दिवशी मागासारखाच वाटला. मांसाहारी असाल तर विजापूर वेशीकडे चला, विशेषतः रमजानच्या दिवसांत. यायचं ते डिसेंबर-जानेवारीत, हुरडा असतो, गड्डा असतो. उन्हाळ्यात इथलं ऊन पाहुण्याला सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी अक्कलकोटला निघाले, पण या वेळी थांबत थांबत. वसाहत संपली की कुंभारी. इथे विडी कामगार बायकांची दहा हजार घरं आहेत, गोदूताई परुळेकरांच्या नावाने. 2006 मध्ये ती हातात पडली. जवळच रे नगर, असंघटित कामगारांची तीस हजार घरांची वसाहत. तिच्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी 2024 मध्ये दिल्या गेल्या. प्रवासवर्णनात घरकुलं कशाला, असं कुणी म्हणेल. मला तर ती लेण्यांइतकीच बघण्यासारखी वाटली. सुपावर हजार-हजार विड्या मोजणाऱ्या बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवलेलं छप्पर आहे ते. एका दारासमोर रांगोळी होती, दाराच्या चौकटीला आंब्याचं तोरण होतं आणि पायरीवर तेच सूप उन्हात वाळत ठेवलेलं.

वळसंगला विहीर बघितली. गावकुसाबाहेरच्यांनी स्वतः खोदलेली ही विहीर. बाबासाहेबांनी यावं असा त्यांचा हट्ट. 1937 मध्ये बाबासाहेब आले आणि तिचं पाणी प्याले. मी काठावर वाकून बघितलं. खाली आकाशाचा तुकडा आणि माझं डोकं. एवढी वर्षं एसटीच्या खिडकीतून वळसंगचा फक्त फाटा पाहिला होता.

अक्कलकोटला वटवृक्षाखाली दर्शन झालं. आईचं नाव घेऊन एक नारळ ठेवला, अन्नछत्रात पंगतीला बसले. वाढणाऱ्याने दुसऱ्यांदा भात घातला तेव्हा मी नको म्हटलं नाही.

परत येताना एमआयडीसीच्या थांब्यावर उतरले तेव्हा पाळी सुटत होती. सायकली, लुनासारख्या जुन्या गाड्या, चालत निघालेल्या बायका, प्रत्येकीच्या केसांत तूस. एवढ्या मोठ्या वसाहतीत या माणसांना पाच मिनिटं टेकायला एखादा पार, एखादं झाड हवं होतं. माझ्या नजरेला ते पडलं नाही. सगळी रस्त्याच्या कडेला उभी राहून चहा पीत होती.

शिलाईच्या शेडमध्ये एक काकू माझ्यासाठी थांबलेल्या. त्यांनी चादर उलगडून दाखवली. उसवलेलं टोक तर त्यांनी दुमडून शिवलंच होतं, दुसरं टोकही पुन्हा शिवलं होतं. "एकच केलं असतं तर दोन वर्षांनी दुसरं गेलं असतं," त्या म्हणाल्या. दोरा तांबडाच वापरला होता, मूळच्या तांबड्यापेक्षा थोडा उजळ. मी पर्समध्ये हात घातला तसा त्यांनी तो धरून ठेवला.

"तुमच्या आईला फोन लावा की," त्या म्हणाल्या.

मी लावला. पलीकडून आई बोलली, इकडून काकू. एकीची मराठी वाईची, दुसरीची पूर्वभागातली. मधेच माग सुरू झाले आणि मला काहीच ऐकू येईना. काकूंनी फोन कानाशी घट्ट दाबला, दुसऱ्या कानावर हात ठेवला आणि मोठ्याने सांगायला लागल्या की गरम पाण्यात भिजवू नका, दगडावर आपटू नका, पहिल्या धुण्याला उजळ दोऱ्याचा रंग थोडा जाईल, मग दोन्ही एक होतील.